लाइकली-अनलाइकली लावून स्टोरेज ड्रायव्हर खरंच पळतो का? (सांगलीच्या पत्र्याखालची एक चाचणी)

कृष्णाकाठ | १६ एप्रिल, रात्री ११:२०

मंडळी, नमस्कार. धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एका स्टोरेज कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर (कार्ड आणि सिस्टीम यांच्यात बोलणारा कोड) सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. कार्ड कुणाचं ते विचारू नका. गेल्या महिन्यात जरा उसंत मिळाली तेव्हा ड्रायव्हरच्या मुख्य वाटेवर, म्हणजे रिक्वेस्ट घेणारं फंक्शन आणि पुरी झाल्यावर निकाल लावणारं फंक्शन, या दोन्हींत मिळून ३४ ठिकाणी मी 'अनलाइकली' घातलं.

ज्यांचा कर्नेलशी (लिनक्सच्या गाभ्याशी) संबंध नाही त्यांच्यासाठी: लाइकली आणि अनलाइकली हे कर्नेलमधले दोन मॅक्रो. दोन्ही आतून जीसीसी या कंपायलरच्या (कोडाच्या यंत्राला कळणाऱ्या सूचना करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बिल्टिन-एक्स्पेक्टला हाक मारतात. 'ही अट बहुतेक वेळा खरी (लाइकली) किंवा खोटी (अनलाइकली) निघणार आहे, त्या हिशोबाने कोड मांड' एवढंच कंपायलरच्या कानावर घालायचं. हीच हिंट.

आधी फायो (डिस्कचा वेग मोजणारं साधन) चालवलं होतं, घातल्यावर परत चालवलं. ४के रँडम रीड, ८ जॉब, प्रत्येकी ३२ ची डेप्थ (एका वेळी ३२ रिक्वेस्ट). आयओपीएस (सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या रिक्वेस्ट) चक्क वाढले! मी खूश. पॅच (कोडातला बदल) पाठवला, तर वरिष्ठांनी एका ओळीत परत केला: वाढ हिंटमुळे झाली हे कशावरून?

दोन दिवस राग होता. राग उतरल्यावर कळलं की माझ्याकडे या प्रश्नाला उत्तरच नाही. तेव्हा विचारतो, असल्या बारीक बदलाची चाचणी नेमकी घ्यायची कशी?

---

भडंगप्रेमी | १६ एप्रिल, रात्री ११:३१

काही कळलं नाही, पण भडंग घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. चालू द्या.

---

कुपवाडचा_काका | १७ एप्रिल, सकाळी ६:१०

दोन्ही रन कधी घेतलेस? किती वाजता? आणि मशिन कुठं ठेवलंयस?

---

कृष्णाकाठ | १७ एप्रिल, सकाळी ८:४५

काका, मशिन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. जुन्या ड्रायव्हरचा रन दुपारी अडीचला घेतला. मग हिंट टाकल्या, कंपाइल केलं, चहा झाला. नव्याचा रन संध्याकाळी सातच्या सुमारास.

मधे वळीव येऊन गेला होता.

---

कुपवाडचा_काका | १७ एप्रिल, सकाळी ८:५२

मग गड्या, तू वळवाची चाचणी घेतलीस. ड्रायव्हरची कुठं घेतलीस?

एप्रिलातली सांगली, वर पत्रा, दुपारी अडीच. प्रोसेसरला टर्बो (वाढीव वेग) धरवत नाही, एसएसडी गरम झाली की स्वतःच हात आखडता घेते. संध्याकाळी पाऊस पडला, पत्रा गार झाला, आकडे वर गेले. आयओपीएस कुणी वाढवले? ढगांनी.

एमआयडीसीत आमच्या प्रेसवर असंच व्हायचं. पाळी बदलली की माल सुधारायचा, आणि श्रेय सुपरवायझर घ्यायचा.

---

भडंगप्रेमी | १७ एप्रिल, सकाळी ९:०३

ढगांनी 😂 काका, एक पुडा तुमच्या नावाने.

---

तिसरं_वर्ष | १७ एप्रिल, दुपारी १:१५

मी वालचंदला थर्ड इयरला आहे. एक बेसिक शंका. ही हिंट प्रोसेसरला कळते का? म्हणजे ब्रांच प्रेडिक्टर (अटीपाशी कोड कुठल्या वाटेने जाणार याचा आधीच अंदाज बांधणारा प्रोसेसरमधला भाग) तिचं ऐकतो का?

---

मिरजेची_तार | १७ एप्रिल, रात्री ९:४०

बेसिक कसली, या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची शंका हीच आहे.

नाही, ऐकत नाही. तुझ्या हातातल्या लॅपटॉपवर तरी बहुधा नाहीच. एक्स८६ मध्ये (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांत) जंपच्या सूचनेआधी एक बाइट लावून 'ही ब्रांच घेतली जाईल' किंवा 'नाही' असं सांगायची सोय पेंटियम ४ च्या काळात होती. पुढच्या प्रोसेसरांनी त्या बाइटकडे दुर्लक्ष केलं. इंटेलच्या रेडवुड कोव्ह कोरपासून 'घेतली जाईल' ही एक खूण पुन्हा वाचली जाते, पण कर्नेलमधलं अनलाइकली काही तो बाइट लावण्यासाठी नाही.

ते बदलतं मांडणी. ज्या वाटेने नेहमी जायचं ती सरळ, एका खाली एक सूचना. क्वचितची वाट फंक्शनच्या शेपटाला नेऊन टाकायची. त्याने दोन गोष्टी साधतात. नेहमीच्या वाटेवर उड्या कमी पडतात, आणि कॅशच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) ६४ बाइटच्या ओळीत उपयोगाचा कोड जास्त बसतो. प्रेडिक्टर आपला आपण शिकतो, चार-दोनदा तिथून गेला की त्याला वाट पाठ होते. त्याला तुझ्या मताची गरज नसते.

---

खंबाटकी_घाट | १७ एप्रिल, रात्री १०:०५

सातारकर म्हणून एक उदाहरण. पुणे-बेंगळुरू हायवे सातारा शहराला बगल देऊन जातो. ज्याला सातारा स्टँडला जायचंय तो वळेल, बाकीचे सरळ. अनलाइकली म्हणजे हा बायपास. रस्ताच तसा बांधायचा. ड्रायव्हरच्या कानात 'सरळ जा रे' असं कुणी सांगत नाही, आणि रोजच्या ड्रायव्हरला सांगायला लागतही नाही.

अवांतर: पण बायपास बांधला आणि सगळ्याच गाड्या साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला वळायला लागल्या तर?

---

मिरजेची_तार | १७ एप्रिल, रात्री १०:१८

शेवटची ओळ जपून ठेवा. तिथेच यायचंय.

कृष्णाकाठ, आधी कागदावर हिशोब मांड. तुझा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा धरू. प्रेडिक्टरचा अंदाज चुकला की साधारण १५ ते २० सायकल (प्रोसेसरचे ठोके) वाया जातात. साध्या एनव्हीएमई एसएसडीवरून ४के वाचायला, एका वेळी एकच रिक्वेस्ट असेल तर, ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे २,४०,००० सायकल. त्यातल्या २० वाचवल्यास म्हणजे बारा हजारातला एक भाग. हे मोजायला फायो पुरणार नाही. फिरती हार्डडिस्क असेल तर विचारूच नको. ७२०० आरपीएमची तबकडी अर्धा फेरा मारेपर्यंत ४ मिलिसेकंदांहून जास्त जातात, तेवढ्यात सव्वा कोटी सायकल होतात.

हेच एका कोरवर १० लाख आयओपीएस काढत असशील तर चित्र वेगळं. तिथे प्रत्येक आयओच्या (एका रिक्वेस्टच्या) वाट्याला १ मायक्रोसेकंद, ३००० सायकल. त्यातले २० म्हणजे पाऊण टक्क्याच्याही आत, पण निदान मोजता येईल असं काहीतरी. आणि हे २० सुद्धा अंदाज चुकला तर. प्रेडिक्टर शिकलेला असेल तर तेही नाहीत, मग उरतो फक्त मांडणीचा फायदा.

चाचणी घेण्याआधी फायदा जास्तीत जास्त किती असू शकतो हे काढून ठेव. तुझी वाढ त्याहून मोठी दिसली तर समज, ती दुसरीकडून आलीय.

---

कृष्णाकाठ | १८ एप्रिल, रात्री १२:०५

ताई, आभार. माझी वाढ त्या पाऊण टक्क्याच्या कितीतरी वर होती. म्हणजे काकांचा वळीवच.

उद्यापासून नीट करतो. मशिन खालच्या खोलीत आणतोय. टर्बो बंद, गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा) परफॉर्मन्सवर, हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन कामं) बंद. जुना-नवा-जुना-नवा असे आलटून पालटून रन घेतो.

---

कुपवाडचा_काका | १८ एप्रिल, सकाळी ६:२५

हे बरं. पण दोन नको, ड्रायव्हरची तीन मॉड्यूल (चालत्या कर्नेलला जोडायचे तुकडे) बांध.

एक तुझं हिंटवालं. दुसऱ्यात दोन्ही मॅक्रो फक्त कंस म्हणून ठेव, हिंट काढून टाक. आणि तिसऱ्यात उलटं कर. लाइकलीच्या जागी अनलाइकली, अनलाइकलीच्या जागी लाइकली. कंपायलरला मुद्दाम खोटं सांग.

उलट्यानेसुद्धा काही बिघडलं नाही, तर सुलट्याने काही सुधारणार नाही. पुढचा वेळ वाचला.

आणि मॉड्यूल दरवेळी काढून परत घाल. ते मेमरीत वेगळ्या पत्त्यावर बसू शकतं. एकदाच घालून शंभर रन घेतलेस तर त्या एका पत्त्याची चाचणी होते.

---

मिरजेची_तार | १८ एप्रिल, सकाळी ७:५०

काकांना +१. पत्त्याचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका. २००९ साली एक गाजलेला शोधनिबंध आला होता. त्यात दाखवलं होतं की कोड तोच ठेवून नुसती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची लांबी किंवा लिंक करायचा क्रम बदलला तरी वेळ बदलतो. इतका, की एखादं ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं याचा निष्कर्षही फिरू शकतो.

आणि कृष्णाकाठ, रन घेण्याआधी ऑब्जडंप (बांधलेला कोड उलगडून दाखवणारं साधन). तिन्ही मॉड्यूलचं असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचनांची यादी) समोरासमोर ठेव. जिथे असेंब्ली तंतोतंत सारखं आहे, तिथे चाचणी कसली घेणार?

---

कृष्णाकाठ | १९ एप्रिल, रात्री १०:५०

ऑब्जडंप केलं. जरा लाजच वाटली.

माझ्या ३४ पैकी २३ ठिकाणी हिंटवालं आणि हिंट काढलेलं असेंब्ली अगदी तेच निघालं. कारण शोधत बसलो. बऱ्याच ठिकाणी अटीच्या आत डेव्ह-एरर (एरर नोंदवणारं फंक्शन) होतं. ते फंक्शन कर्नेलमध्ये आधीच 'कोल्ड' म्हणून जाहीर केलेलं आहे. ज्या वाटेवर कोल्ड फंक्शन आहे ती वाट क्वचितची, हे कंपायलर न सांगता धरतो. काही ठिकाणी मी इज-एररभोवती (एरर आली का ते बघणाऱ्या तपासणीभोवती) अनलाइकली गुंडाळलं होतं. ते इज-एररच्या पोटात पहिल्यापासूनच आहे. म्हणजे छत्रीवर छत्री. उरलेल्यात काही 'पॉइंटर नल असेल तर ऋण एरर परत दे' अशा अटी होत्या. तिथेही जीसीसीचे स्वतःचे आडाखे आहेत. नल क्वचितच असतो, ऋण आकडा परत देणारी वाट क्वचितच धरली जाते, हे त्याला ठाऊक असतं.

राहिले ११. त्यातलं एक जवळून दाखवतो. रिक्वेस्ट घेणाऱ्या फंक्शनमध्ये 'डिस्क्रिप्टर (रिक्वेस्टसाठी राखलेली जागा) शिल्लक नसेल तर ब्लॉक लेयरला (ड्रायव्हरकडे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या कर्नेलच्या थराला) रिसोर्स नाही असं कळव' अशी अट आहे. हिंट नसताना तिथे 'शून्य नसेल तर उडी' होती, आणि उडीच्या खालीच ते परत पाठवण्याचं तीन-चार सूचनांचं गाठोडं. हिंट दिल्यावर उडी उलटली, 'शून्य असेल तर उडी' झाली, आणि गाठोडं गेलं फंक्शनच्या तळाला. नेहमीची वाट सरळ खाली. दिसायला एकदम देखणं.

---

तिसरं_वर्ष | १९ एप्रिल, रात्री ११:१०

'छत्रीवर छत्री' लय भारी 😄

---

खंबाटकी_घाट | १९ एप्रिल, रात्री ११:२२

चाचणीबद्दल एक शंका. फायो तेच ते काम गरागरा फिरवत राहतं. तुमच्या ड्रायव्हरचा सगळा कोड कॅशमध्ये तापलेला, प्रेडिक्टर तयार. खऱ्या सर्व्हरवर मधे डेटाबेस असतो. दोन आयओंच्या मधे तो कॅश धुऊन काढतो. मग ड्रायव्हरचा कोड पुन्हा थंड. मांडणीचा फायदा दिसायचाच असेल तर तिथे दिसेल ना?

---

मिरजेची_तार | १९ एप्रिल, रात्री ११:४०

बरोबर पकडलंत. म्हणून दोन्ही पद्धतीने घ्यायला हवं, एकदा नुसतं फायो आणि एकदा त्याच कोरवर इन्स्ट्रक्शन कॅश धुणारा प्रोग्रॅम सोबत ठेवून. परफ स्टॅट या मोजणीच्या साधनात ब्रांच-मिस (प्रेडिक्टरचे चुकलेले अंदाज) आणि एल१ आय-कॅश मिस (कॅशमध्ये न सापडलेल्या सूचना), दोन्ही रकाने घे.

आणि कार्डच हिशोबातून काढून टाकायचं असेल तर नल-ब्लॉकसारखं कर. त्या ड्रायव्हरच्या मागे डिस्कच नसते, रिक्वेस्ट आली की लगेच 'झालं' म्हणतो. तुझ्या ड्रायव्हरात तसा खोटा मोड घाल, म्हणजे कार्डला हात न लावता नुसत्या सॉफ्टवेअरचा खर्च दिसेल.

---

कृष्णाकाठ | २३ एप्रिल, रात्री ११:५५

चार दिवस लागले. त्यातली एक अख्खी रात्र लाइट गेल्याने गेली.

कार्ड लावून: तिन्ही मॉड्यूलमध्ये फरक काढता येत नाही. एकाच मॉड्यूलच्या दोन रनमधला फरक तीन मॉड्यूलमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. उलटं मॉड्यूलसुद्धा हरत नाही! हे मला पटेना.

खोट्या मोडमध्ये, कार्डाशिवाय: हिंटवालं आणि साधं एकमेकांत मिसळलेलं. उलटं मात्र दरवेळी थोडं मागे. अगदी थोडं, पण दरवेळी. इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरोखर काहीतरी मोजतोय.

कॅश धुणारा सोबत ठेवून: हिंटवाल्यात आय-कॅश मिस किंचित कमी. वेळेत तो फरक उतरलेला दिसला नाही.

डोकं एकाच गोष्टीवर अडकलंय. खोट्या मोडमध्ये उलटं हरतं, मग खऱ्या कार्डावर का हरत नाही? कार्डाचा वेळ मोठा म्हणून झाकलं जातं, हे एक उत्तर झालं. पण ब्रांच-मिसचा आकडाही खऱ्या कार्डावर तिन्हीकडे चढा आहे, आणि खोट्या मोडमध्ये नाही.

---

कुपवाडचा_काका | २४ एप्रिल, सकाळी ५:५०

म्हणजे खऱ्या कार्डावर एखादी अट कधी हो, कधी नाही अशी हेलकावे खातेय. प्रेडिक्टरला ती पाठ होत नाही. खंबाटकीवाले म्हणाले तसं, गाड्या साताऱ्यात वळायला लागल्यात. कुठली वाट ते शोध.

---

मिरजेची_तार | २४ एप्रिल, सकाळी ८:१५

त्यासाठी हत्यार कर्नेलमध्येच आहे. प्रोफाइल-अ‍ॅनोटेटेड-ब्रांचेस हा पर्याय चालू करून कर्नेल बांध. ट्रेसिंगच्या फोल्डरात ट्रेस-स्टॅटखाली ब्रांच-अ‍ॅनोटेटेड नावाची फाइल मिळेल. प्रत्येक लाइकली-अनलाइकलीसमोर किती वेळा बरोबर, किती वेळा चूक, टक्केवारी, फंक्शन, फाइल आणि ओळ. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून नको, कर्नेलमध्येच बांधून घे. आणि या कर्नेलवर वेळ मोजू नकोस, प्रत्येक अटीवर मोजणी चालू असल्याने तो हळूच चालतो.

---

कृष्णाकाठ | २५ एप्रिल, रात्री १:३०

सापडलं. झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहितो.

त्या फाइलीत माझ्या ड्रायव्हरच्या सगळ्या ओळींसमोर चुकीच्या रकान्यात शून्य, किंवा शून्याच्या जवळचं काहीतरी. एक ओळ सोडून. त्या ओळीसमोर चुकीचा आकडा बरोबरच्या आकड्यापेक्षा मोठा! आणि ओळ कुठली? तीच, देखणी. डिस्क्रिप्टर शिल्लक नसेल तर.

मी बसून मोजलं. ब्लॉक लेयरला आम्ही सांगतो की आमची क्यू डेप्थ (एका वेळी घेता येणाऱ्या रिक्वेस्ट) २५६. ड्रायव्हर स्वतःसाठी डिस्क्रिप्टर राखतो १२८. माझं फायो ८ जॉब गुणिले ३२, म्हणजे एका वेळी २५६ रिक्वेस्ट हवेत. १२८ संपले की १२९ व्या रिक्वेस्टला 'रिसोर्स नाही'. ब्लॉक लेयर ती बाजूला ठेवतो, क्यू थांबवतो, परत चालवतो, परत तेच. खोट्या मोडमध्ये रिक्वेस्ट लगेच पुरी होते, डिस्क्रिप्टर कधी संपतच नाहीत. म्हणून तिथे सगळं सुरळीत.

मी त्या अटीला 'क्वचित' म्हणालो, कारण मला ती क्वचित वाटत होती. पाहिलं नव्हतं कधी.

---

कुपवाडचा_काका | २५ एप्रिल, सकाळी ६:००

डेप्थ १२८ कर.

---

कृष्णाकाठ | २५ एप्रिल, रात्री ९:२०

केली. एका आकड्याचा बदल, हिंट एकही नाही.

सरासरी आयओपीएसमध्ये थोडीच वाढ. पण ९९ पर्सेंटाइलची लेटन्सी (सगळ्यात रेंगाळणाऱ्या रिक्वेस्टना लागणारा वेळ) उघड्या डोळ्यांनी दिसेल इतकी खाली आली. आलटून पालटून रन घेतले, भर दुपारीसुद्धा घेतले. दरवेळी तेच. अटीत आता कुणी शिरतच नाही.

---

मिरजेची_तार | २५ एप्रिल, रात्री १०:०५

आता कसं! जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये याच बिल्टिनच्या वर्णनात लिहिलंय की शक्यतो खरं प्रोफाइल वापरा, कारण आपला प्रोग्रॅम नेमका कसा चालतो याचा अंदाज बांधण्यात प्रोग्रॅमर भलतेच कच्चे असतात. कंपायलर लिहिणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, आपण कोण बोलणार. हाताने हिंट लावण्याला पर्यायही आहे. क्लँग हा दुसरा कंपायलर वापरत असशील तर कर्नेल ६.१३ पासून ऑटो-एफडीओची सोय आहे, चालत्या यंत्रावर नमुने घेऊन कोडची मांडणी त्यावरून ठरवायची.

तरी सगळ्याच हिंट फेकून देऊ नका हं. एनव्हीएमई ड्रायव्हरमध्येही निवडक ठिकाणी अनलाइकली आहे. उदाहरणार्थ, क्यू चालू स्थितीत नसेल तर. ती अट चालत्या यंत्रात खरी निघाली तर वेळेची चिंता करायला कुणी उरतच नाही.

---

खंबाटकी_घाट | २५ एप्रिल, रात्री १०:३०

मग पॅचमध्ये काय ठेवताय?

---

कृष्णाकाठ | २६ एप्रिल, सकाळी ९:१०

डेप्थचा बदल स्वतंत्र पॅच, तो आज पाठवला. ३४ पैकी ३१ हिंट काढल्या. तीन ठेवल्या. त्यांच्यासमोर चुकीचा रकाना कोरा शून्य आहे, आणि असेंब्लीही खरोखर बदलतं. पण कारण लिहिताना 'वेग वाढतो' असं लिहिलं नाही, 'मांडणी सुधारते, वेळेत फरक मोजता आला नाही' असं लिहिलं. वरिष्ठांनी यावेळी दोन ओळी लिहिल्या. दुसरी ओळ होती 'ठीक'.

---

भडंगप्रेमी | २६ एप्रिल, सकाळी ९:२५

शेवटपर्यंत वाचलं. पुडा संपला. काकांचा पुडा राखून ठेवलाय, मार्केट यार्डाकडे आलात की घेऊन जा.

---

तिसरं_वर्ष | २६ एप्रिल, रात्री ११:४५

मी माझ्या लॅपटॉपवर तो ब्रांच-अ‍ॅनोटेटेडवाला कर्नेल बांधला, साडेतीन तास गेले. आमच्या मिनी प्रोजेक्टचा ड्रायव्हर आत बांधला होता. त्यातली एक ओळ शंभर टक्के चूक दाखवतेय! काका, फाइल पाठवू का?

---

कुपवाडचा_काका | २७ एप्रिल, सकाळी ५:४५

पाठव. सोबत ऑब्जडंप पण. आणि ती ओळ किती वेळा चालली तेही बघ, दोनदाच चालली असेल तर झोप आता.